तळ्यापेक्षा मोठी होडी

४ जानेवारी
आजपासून नवं पद. कंपनीचा समाजकार्य विभाग प्रमुख. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं. म्हणाले, तुम्ही तक्रार विभागात आल्यापासून तक्रारी दुप्पट झाल्यात, आता लोकांना काहीतरी देण्याचं काम करा, त्यात बिघडून बिघडून काय बिघडणार. किती हा विश्वास! बारा वर्षं कंपनीच्या बंद पडलेल्या पंख्यांपायी लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आता आशीर्वाद.

विभागात मी एकटाच आहे. म्हणून तर प्रमुख.

बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, शिक्षा कशाबद्दल? तिला ऑफिसमधलं काही कळत नाही.

९ जानेवारी, सकाळी ११
पहिला अर्ज. एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या, सगळे त्यांना बाई म्हणतात. त्यांची संस्था एक तळं सांभाळते. तळ्यावर जलपर्णी माजलीय. दर महिन्याला दुप्पट होते म्हणे. पाणी पूर्ण झाकलं की मासे गुदमरून मरणार, आणि काठावरच्या वस्तीतली वीस घरं त्या माशांवर जगतात. हवी आहे एक छोटी सपाट होडी. दोन माणसं बसतील एवढी. महिनाअखेरपर्यंत.

मी म्हटलं, झालंच समजा. बाई उभ्या राहून नमस्कार करून गेल्या. मग लक्षात आलं, फॉर्म कुठाय?

१५ जानेवारी
फॉर्म तयार. चौतीस पानं. स्वतः बनवला, दोन रविवार वाया घालवून... नाही, सत्कारणी लावून. (रविवार एकच होता. पण दमलो दोन रविवारांएवढा.)

२२ जानेवारी
बाईंचा फॉर्म आला. 'लाभार्थींची संख्या' या रकान्यात लिहिलंय: वीस घरं आणि मासे, मोजलेले नाहीत. अपूर्ण म्हणून परत पाठवला. नियम म्हणजे नियम.

२९ जानेवारी
बाईंनी लिहिलं, मासे अंदाजे चार हजार. अंदाजे चालणार नाही, असं नम्रपणे कळवलं. त्यांनी लगेच फोन केला. म्हणाल्या, मोजायला होडी लागेल. बाई हुशार आहेत, मान्य. पण मीही काही कच्चा नाही. म्हटलं, मग काठावर उभं राहून मोजा.

५ फेब्रुवारी
मासे चार हजार एकशे सात. एकशे सात कुठून आले हे विचारलं नाही. मनाचा मोठेपणा. होडी मंजूर!

१२ फेब्रुवारी
ब्रँडिंगवाली वर आली. तिच्याकडे जाडजूड नियमपुस्तक आहे. कंपनीचा लोगो ड्रोनवरून वाचता आला पाहिजे, आणि त्याच्या चारही बाजूंना लोगोच्या निम्म्याएवढी मोकळी जागा हवी. त्याखाली ब्रीदवाक्य: 'वारा आमचा, विश्वास तुमचा'. बाईंच्या होडीवर यातलं फक्त 'वा' मावतं.

दोघांनी बसून हिशोब केला. लोगो, मोकळी जागा, ब्रीदवाक्य, परत मोकळी जागा. होडी छत्तीस फूट.

रात्री बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तळं केवढंय? मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध.

२० फेब्रुवारी
बाईंचा फोन. निम्मं तळं झाकलंय. छत्तीस फुटांचं ऐकून म्हणाल्या, अहो, आम्हाला काढायची आहे जलपर्णी, कुणाला पळवून न्यायचं नाहीये. मी म्हटलं, बाई, मोठं मन, मोठी होडी. हे वाक्य मला तिथल्या तिथे सुचलं. वार्षिक अहवालात घालणार.

संकल्प: रोज सकाळी चालणे. समाजसेवकाला पोट शोभत नाही. उद्यापासून.

३ मार्च
होडी तयार व्हायला उशीर. कारण निळा. कारागिरानं मारलेला निळा आणि लोगोचा निळा यांत फरक आहे, असं ब्रँडिंगवालीचं म्हणणं. मला दिसला नाही. तरी दिसतोय म्हटलं. पुन्हा रंग.

बाईंनी दोनदा फोन केला. मीटिंगमध्ये होतो. (निळ्याच्या.)

१६ मार्च, दुपारी ३
आज होडी निघाली. ट्रेलरवर काय रुबाब! रस्त्यावरची माणसं तोंडात बोटं घालून बघत होती. ट्रेलरचालक मात्र तळ्याच्या गल्लीपाशी थांबला. म्हणाला, साहेब, झाडं आडवी येतायत. सात झाडं. संस्थेनंच दहा वर्षांपूर्वी लावलेली.

बाई झाडाला टेकून उभ्या राहिल्या. मी समजावलं की पर्यावरणासाठी थोडा त्याग करावाच लागतो. वस्तीतल्या एकानं विचारलं, कुणाच्या पर्यावरणासाठी? टवाळ माणूस. उद्या रीतसर परवानगी काढतो. परवा तोडणार.

१८ मार्च
झाडं तोडली. बाई आल्या नाहीत. प्रकृती बरी नसावी.

१९ मार्च
उद्घाटन. साहेबांनी फीत कापली. क्रेननं होडी उचलली, पाण्यात सोडली. म्हणजे पाण्यात असं नाही, जलपर्णीत. होडीचं एक टोक या काठाला टेकलं, दुसरं त्या काठाला. मग ती हललीच नाही. ट्रेलरचालकानं रेटली, वस्तीतल्या दहा जणांनी रेटली, शेवटी साहेबांच्या ड्रायव्हरनं लाथ घातली. मधल्या अरुंद जागेत बुचासारखी बसलीय.

लोगो मात्र ड्रोनवरून स्वच्छ वाचता येतो. साहेबांनी मला विचारलं, हे तळं आधी कुणी बघितलं होतं का? मी म्हटलं, फॉर्ममध्ये होतं.

२६ मार्च
आनंदाची बातमी! लोक होडीवरून पलीकडे जायला लागलेत. शाळेची मुलं, भाजीवाली, एक माणूस सायकल घेऊन. वळसा वाचतो. अहवालात बदल केला: 'कंपनीने तळ्यावर पूल बांधून दिला.' संकट आलं तरी डगमगायचं नाही, हा माझा स्वभाव. चालायला अजून सुरुवात केली नाही. वेळ कुठे आहे?

५ एप्रिल, सकाळी ९
बाईंचा फोन आला. आवाज बसला होता. होडीच्या अलीकडच्या निम्म्या तळ्यात मासे वर आलेत. मेलेले. पाणी अडलं, हवा मिळाली नाही. त्यांनी आरडाओरडा केला नाही. नुसतं सांगितलं आणि फोन ठेवला. त्यांनी ओरडायला हवं होतं. मला आज जेवण गेलं नाही. (आमटी खारट होती, असं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आमटी केलीच नव्हती.)

१० एप्रिल
साहेबांनी बोलावलं. समाजकार्य विभाग बंद. मी परत तक्रार विभागात. साहेब म्हणाले, तिथे निदान माणसं फोन ठेवून देऊ शकतात. गंमत करतात साहेब. क्रेन पुन्हा मागवणार का विचारलं. म्हणाले, बजेट उद्घाटनापुरतंच होतं.

१८ एप्रिल, रविवार
तळ्यावर गेलो. का, ते माहीत नाही. बायको म्हणाली, जाऊन तर ये. चालतच गेलो.

पलीकडच्या निम्म्या तळ्यात पंचवीस-तीस माणसं कमरेएवढ्या पाण्यात होती. दोर लावून जलपर्णी ओढत होती, हातांनी. बाईसुद्धा, साडी खोचून. तिथले मासे अजून आहेत. मीही उतरलो. दोर धरला, पाय घसरला, दोरासकट चार माणसं घेऊन पडलो. बाईंनी मला वर काढायला लावलं आणि म्हणाल्या, तुम्ही असं करा, सगळ्यांच्या चपला सांभाळा.

सांभाळल्या. कुत्री दोनदा हाकलली. टोकन पद्धत सुरू करावी असं मनात आलं, पण बोललो नाही. दुपारी सगळे वर आले, आपापल्या चपला घालून गेले. एकही हरवली नाही. बाईंना तसं सांगितलं.

बाई हात पुसत म्हणाल्या, जानेवारीत तुम्ही असे नुसते चपला सांभाळायला आला असतात ना, तरी तळं वाचलं असतं.

हे त्यांनी प्रेमानं म्हटलं असावं, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला पटवत होतो. पटलं नाही.