काचेतला पापड

मंगळवार, १३ जानेवारी १९९८

माल परदेशी पाठवणाऱ्या साहेबानं आमच्या महिला गटाच्याच ढिगातला एक पापड निवडून काचेत घालून भिंतीवर लावलाय. सगळ्यांचे पापड तस्सेच हवेत, नाहीतर ऑर्डर बंद. गटाची प्रमुख मी, म्हणून आज सगळ्यांचे त्याच्याशी ताडून पाहिले, तर माझ्या धाकट्या जावेचे, कमळचेच जाड. बाकीच्या तर तिच्याकडूनच लाटायला शिकल्या! मी फटकन म्हटलं, "उद्यापासून तू लाटायला बसू नको."

ती काचेकडे बघत राहिली. "आक्का, तो माझाच हाय. कडेला बोट उठलंय बघा. तवा मनगट दुखत नव्हतं."

आता काय करू? काच उतरवली तर ऑर्डर जाते, नाही उतरवली तर कमळ. तिचाच पापड तिला नापास करतो, ही कसली रीत? डोकं चालत नाही.

जाताना तिनं पदरानं काच पुसली. कशाला पुसली?