खिळ्यावरच्या रोट्या

१४ जानेवारी

पोचलो एकदाचा! खालच्या इस्फरा शहराहून वर येणारी भाड्याची गाडी दोनदा बर्फात रुतली, दोन्ही वेळा आम्ही उतारूंनीच ढकलली, आणि वर ड्रायव्हर आम्हालाच म्हणतो की तुम्ही लोक जड आहात. पूर्वी इथे शाळकरी मुलांच्या सुट्टीतल्या छावण्या भरायच्या, आता व्यसनमुक्ती केंद्र आहे. भोवती जर्दाळूच्या बागा, सध्या नुसत्या काड्या. मला वरच्या मजल्यावर खोली मिळाली आहे. शेगडी, टेबल, टेलिफोन, सगळा थाट आहे.

काम सोपं. केंद्राची ‘खबरबात’ दर पंधरवड्याला लिहायची. कोण आलं, कोण बरं होऊन घरी गेलं, नवीन काय बांधलं. ती पत्रिका घरोघरी जाते. खुजंदच्या वर्तमानपत्रात मी अकरा वर्षं मुद्रितं तपासली. त्यातली शेवटची तीन गर्दच्या पायी मातीत गेली. त्यालाही आता चार वर्षं झाली, पुन्हा हात लावलेला नाही. इथले प्रमुख नजमिद्दीन डॉक्टर म्हणाले, अस्रोर, तुझ्यासारखाच माणूस हवा होता, तुला थापा वासावरून कळतील.

माझ्या बायकोची, गुलबहोरची, अट एकच आहे. नवरोजपर्यंत ही नोकरी टिकव, स्वच्छ राहा, मग मी आणि मेहरंगेज तुझ्याकडे राहायला येऊ. लेक मेहरंगेज नऊ वर्षांची झाली. तिची गेली चार वर्षं मी पाहुण्यासारखी पाहिली. नवरोजला, २१ मार्चच्या आमच्या नववर्षाला, सहासष्ट दिवस आहेत.

१७ जानेवारी

जेवणघर छान उबदार आहे. एका भिंतीवर खिळ्यांना रोट्या टांगल्यात, सतरा मोजल्या. प्रत्येकीचा एकेक घास चावलेला, खाली नावाची चिठ्ठी. आमच्याकडे घरोघरी असतंच हे. मुलगा फौजेत किंवा रशियाला कामाला निघाला की आई त्याला रोटीचा एक घास चावायला लावते आणि उरलेली टांगून ठेवते. परत येऊन ती त्यानेच संपवायची. माझ्याही आईने टांगली होती. पण दवाखान्यात पहिल्यांदाच पाहिली.

हा उद्योग स्वयंपाकीणबाईंचा, शराफतआपांचा. साठीच्या आहेत, तोंड तंदुराइतकंच गरम. मी अर्धी वाटी शुरबा, मटणाचा रस्सा, ठेवला तर म्हणाल्या की शहरात तुम्हा लोकांना पोट देत नाहीत का, नुसती जीभच देतात?

३० जानेवारी

होशिम घरी गेला. कोनीबोदोमचा ट्रकवाला, इथला विदूषक. सांगायचा की डॉक्टर मला तिसऱ्यांदा बरं करताहेत, चौथ्यांदा बरा झालो की प्रमाणपत्र देणार आहेत. जाताना माझ्या गळ्यात पडला. म्हणाला, अका, दादा, ‘खबरबात’मध्ये माझा फोटो छाप, बायकोला खरं वाटेल. आपांनी दारात गरम रोटी पुढे केली, त्याने मोठा लचका तोडला आणि तोंड भरलेलं असतानाच गाडीत चढला. सगळे हसले. पहिल्या पानावर त्यालाच घेतलं.

दुसऱ्या पानावर नवरोजचं आमंत्रण. डॉक्टर म्हणाले की झोकात लिही, घरच्यांनी मुलाबाळांसह यावं. तसंच लिहिलं. पत्रिका टपालात पडल्या.

५ फेब्रुवारी

आज दोन दिवसांची रजा घेऊन खुजंदला गेलो. निघताना आपा रोटी घेऊन आल्या. मी हसून एक घास चावला. त्यात काय?

दुपारी घरी पोचलो. मेहरंगेजने वही दाखवली, अक्षर माझ्याहून चांगलं आहे. चहा आला. आणि मला बसवेना. उठलो, बसलो, खिडकीशी गेलो. रोटीचा तुकडा तोंडात घातला तर मातीसारखा लागला. गुलबहोर माझ्या डोळ्यांच्या बाहुल्या बघत राहिली. तिला काय वाटलं ते मला कळलं. पण तलफ मी ओळखतो, ती माझी जुनी शेजारीण आहे. ही तलफ नव्हती. ही साधी भूक होती, त्या एका रोटीची. तीन वाजता मी परतीच्या गाडीत होतो. मेहरंगेजने विचारलं की बाबा, माझं काही चुकलं का? मी बुटांच्या नाड्या बांधत राहिलो.

इथे आपांनी माझी रोटी उतरवली, शुरब्यात कुस्करली. काय गोड लागली! एक तुकडा मात्र त्यांनी परत खिळ्याला लावला. घर पुरतं रिकामं करू नये, म्हणाल्या.

१२ फेब्रुवारी

झोप धड नाही. कामात मन घालावं म्हणून एक सदर काढलं, ‘बरे होऊन गेलेले आता काय करतात’. भिंतीवरच्या जुन्या सतरा नावांच्या घरी फोन लावायला घेतले. पहिल्या पाचांत तीन उत्तरं एकच: तो तुमच्याकडेच परत आला ना? हो, आलेत खरे, तिघेही इथेच आहेत. चौथ्या घरी बाप म्हणाला की आमचा मुलगा मेला, आणि फोन आपटला. पाचव्या घरी बाई नुसती रडली.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, आपल्याकडे बाप चिडला की जिवंत मुलाला मेलेला म्हणतो, तू काय परदेशातून आलास? बरोबर आहे. माझाही बाप म्हणायचा.

१९ फेब्रुवारी

होशिम परत आला. जेवणाच्या वेळी बघतो तर आपल्या जागेवर बसलेला. कधी आला, कोणत्या गाडीने, कुणालाच सांगता येईना. मी म्हटलं, काय रे, चौथ्यांदा बरा व्हायला? तो हसला नाही. होशिम, आणि हसला नाही. समोर वाटी भरलेली होती, ती तशीच राहिली. फक्त आपली रोटी चघळत होता. शेगडीजवळ बसूनही त्याचा हात थंडगार लागला.

२३ फेब्रुवारी

त्याच्या घरी फोन लावला. भाऊ होता. मी म्हटलं, होशिम सुखरूप पोचला आमच्याकडे, काळजी नको.  मग तो शांतपणे म्हणाला की भल्या माणसा, गेल्या शुक्रवारी मी त्याला स्वतःच्या हातांनी कबरीत उतरवलं. घरी आला त्याच आठवड्यात पुन्हा गर्द सुरू केली, गेल्या आठवड्यात जास्त झाली. असली थट्टा करू नका.

मी खिडकीतून खाली बघत होतो. अंगणात होशिम उन्हात उभा होता.

२४ फेब्रुवारी

राहिलेले बारा फोन केले. कसे केले देव जाणे. एकूण सहा मेलेत. सहाही इथे जेवतात. मी त्यांना अबोल, बुजरी माणसं समजत होतो. एकाशी तर रोज पट खेळत होतो.

डॉक्टर ऐकून घेत नाहीत. माझ्या बाहुल्या तपासल्या. लघवी तपासायला पाठवली.

२ मार्च

आपांना विचारलंच. त्या कणीक मळत होत्या, थांबल्या नाहीत. त्यांचा मुलगा दिलोवर पहाटे घाईघाईत रशियाला निघाला, घास न चावता. जस्ताच्या शवपेटीतून परत आला. तेव्हापासून मी कुणाला तसं जाऊ देत नाही, म्हणाल्या. आणि येतात की नाही सगळे? मी म्हटलं, आपा, कसे येतात ते बघता का? त्या म्हणाल्या की परत आलेल्याला कोणती आई विचारते, कसा आलास म्हणून?

मला त्यांची दया आली. आणि फार भीती वाटली.

५ मार्च

माझा तुकडा खिळ्यावरून काढला आणि खाऊन टाकला. दगड झाला होता, एक दाढ हलली. संपवला. सुटलो!

६ मार्च

तुकडा खिळ्यावर आहे. त्यावर माझेच दात.

९ मार्च

चालत निघालो. इस्फरापर्यंत उतरायचं, मागे बघायचं नाही. दोन तास चाललो. मान वर केली तर समोर केंद्राचं फाटक. पुन्हा निघालो. पुन्हा फाटक. पोटात ती भूक — लाज वाटते लिहायला — मी पळत जेवणघरात गेलो.

१२ मार्च

माझं काय व्हायचं ते होवो. पण ते आमंत्रण. माझ्याच हाताने लिहिलेलं. मुलाबाळांसह.

१५ मार्च

गुलबहोरला फोन केला. येऊ नकोस, पोरीला आणू नकोस. का, ते नीट सांगता येईना. जीभ अडखळते आजकाल. ती म्हणाली की तू पुन्हा सुरू केलंस. आता येतेच, डोळ्यांनी बघते.

गप्प बसलो असतो तर —

१९ मार्च

एकोणीस रोट्या. लहान खिळा एक नवीन ठोकलाय. बराच खाली, मुलाच्या उंचीला. आपा म्हणाल्या, पाहुणे यायचेत ना.

२१ मार्च, सकाळ

काय करायचं ते ठरलं. गर्दुल्ल्याचं खरं कुणी ऐकत नाही. खोटं ऐकतात.

२१ मार्च, दुपार

आल्या. मेहरंगेजने नवा अतलसचा झगा घातला होता. जेवणाच्या दस्तरखानावर बसायच्या आत मी सर्वांसमोर सांगितलं की हो, मी घेतली. महिनाभर घेतोय. तुमच्यासमोर शपथा खाल्ल्या त्या खोट्या. चालत्या व्हा, काही खाऊ नका माझ्या नावाचं.

गुलबहोर रडली नाही. एवढंच म्हणाली की बरं झालं, सहासष्ट दिवसांतच कळलं. मेहरंगेज माझ्याकडे बघत होती. ते डोळे — असो. ती वाचली. तिने मला कधी क्षमा केली नाही तरी चालेल. ती वाचली.

डॉक्टरांनी नियमाप्रमाणे मला वरच्या खोलीत कोंडलंय. तीन दिवस. खिडकीला खिळे ठोकलेत.

त्या अंगणात आहेत. गुलबहोरने पोरीचं मनगट धरलंय. गाडी फाटकाशी उभी आहे. चाला. चाला लवकर.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. आपा. हातात फडकं, वाफ निघतेय.

गुलबहोरने मान हलवली. नको म्हणाली. शाबास.

आपा पोरीच्या केसांवरून हात फिरवताहेत — गुलबहोर गाडीचं दार उघडायला वळली, दार अडकलंय — पाठ आहे तिची —

आपा खाली वाकल्या. मोठ्यांच्या हातची रोटी नाकारू नये, मीच शिकवलं होतं तिला, मांडीवर घेऊन —

डाव्या हाताने काच बडवतोय. हात हलवतोय, नको, नको. मेहरंगेजने वर पाहिलं. दिसलो तिला. हसली! रागावली नाहीय माझ्यावर. हात हलवून विचारतेय, घेऊ का — नको, बाळा — तिला वाटतंय मी घे म्हणतोय — मान डोलावली तिने — तोंड उघ