खेकड्याच्या गोष्टीचा शेवट

९ जाने., शुक्र.
मुरबाडच्या कथामहोत्सवाची बैठक. स्मरणिकेची प्रुफं माझ्याकडे. त्यात ‘खेकड्याला दिलेली लेक’, लेखक: सावंत सर. ही तर टोकावड्याच्या जनामावशीची गोष्ट! हीच ती मंचावर सांगणार आहे. माझ्या शब्दाखातर तयार झाली. आधीच छापून लोकांच्या हातात पडली तर तिनं सांगायचं काय? वर तीच चोर ठरायची.
सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, आमचे अध्यक्ष. विचारलं.
“लोककथेला मालक नसतो, आप्पा.”
हसले. चहाचा आग्रह जरा जास्तच.

११, रवि.
एसटीनं टोकावडे. मावशी अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती.
“सर आलते ना. फोन मांडला नि बसले धोंड्यावानी. हूं नाय की चूं नाय.”
रेकॉर्डिंगमध्ये आपला आवाज नको म्हणून तोंड मिटून बसले असणार. आपल्याकडे ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. तो थांबला की माणूस झोपला असं धरून गोष्ट आवरती घेतात.
“मंग काय केलंस?”
“काय करनार! केला खेकड्याचा राजकुमार, लावलं लगीन, नि च्या टाकला.” खो खो हसली.
प्रुफात राजकुमारच आहे.
“आणि खरा शेवट?”
“म्होत्सवात ऐक. आताच कशाला रं?”

१३, मंगळ.
सरांना राजकुमाराचं बोललो नाही. त्यांच्या नावाखाली ‘मूळ कथन: जनाबाई, टोकावडे’ एवढी ओळ घातली. संध्याकाळी सरांचा फोन.
“ही ओळ कोणी घातली?”
“मी.”
“बरं.”
इतक्या सहज? हा माणूस स्वल्पविरामासाठी तासभर भांडतो.

१८, रवि.
महोत्सव. स्मरणिका वाटली. ओळ गायब. सर म्हणाले, “छापखान्यात राहिली असेल.” नजर पडद्याच्या दोरीवर.
मावशी उभी राहिली. “हुंकार द्या गो बायांनो, नायतर मी चालले घरी!” सगळा मांडव हूं हूं करू लागला. सर पहिल्या रांगेत, सर्वांत मोठ्यानं. गोष्ट रंगली. खेकडा बांधाच्या भोकातून बाहेर आला, आणि... राजकुमार झाला. लग्न लागलं. संपली.
मागून कुणीतरी, “पुस्तकातली पाठ करून आलेय म्हातारी.”
कानशिलं तापली. मंचामागे मावशीला गाठलं.
“का गो? हुंकार तर देत होते सगळे!”
“फोन पन वर होते सगल्यांचे. नि तू रं? मान खाली घालून काय लिवत होतास?”
टिपणं. सवयच ती. वही पिशवीत सारली.

१९, सोम.
वर्तमानपत्राला महोत्सवाचा मजकूर धाडला. पहिल्याच वाक्यात मावशीचं नाव, सरांचं कुठेच नाही. खरा शेवट तिनं राखून ठेवलाय, हेही लिहिलं. तेवढं तरी.
दुपारी नातीच्या फोनवरून मावशी. “रविवारी ये. खरा शेवट सांगते. पेन घरी ठेव. नि आयकलंस ते पोटात ठेव.”
“माझ्यावर भरवसा नाय?”
“ये तर खरा. बगू.”
हो म्हणालो.
संध्याकाळी संपादक: “शेवट मिळाला तर अर्धं पान देतो, आप्पा. सोमवारी सकाळी हवा.”
त्यांना अजून नाही म्हटलेलं नाही.