खालच्या विहिरीचा संदर्भ

मी, बापूसाहेब ज्ञानू वाघमोडे, वय वर्षे ७२, जमीन मोजणी खात्यातील सेवानिवृत्त निमतानदार, मूळ गाव खडकमाळ, तालुका माळशिरस, हल्ली राहणार जुळे सोलापूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवतो. कोणाचे दडपण नाही. मन स्थिर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. एका बाबतीत ते स्थिर नाही, ते पुढे येईलच.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नी रंभाबाई हिच्या. तिच्या पश्चात मुलगा पृथ्वीराज याच्या. अंगणातील शेवग्याची फांदी शेजारच्या हद्दीत जाते असे येडू गायकवाड गेली अकरा वर्षे म्हणतात. जात नाही. मोजणी माझ्या हातची आहे. फांदी तोडू देऊ नये.

२. मोजणीची साखळी पृथ्वीराजला. आता ती कोणी वापरत नाही, तरी मोडीत घालू नये.

३. संगणक रंभाबाईने कोणालाही द्यावा. पण त्यावर मी बारा वर्षे काय करत होतो हे घरात कोणी विचारले नाही, म्हणून लिहितो. इंटरनेटवर एक मुक्त ज्ञानकोश आहे. तो कोणीही लिहू शकतो, पगार कोणालाच नाही. प्रत्येक लेखामागे 'इतिहास' नावाचे पान असते. कोणी कधी काय बदलले ते तिथे कायमचे राहते. जिल्ह्यातील दोनशेच्या वर गावांचे लेख मी सुरू केले. माझे सदस्यखाते नियमानुसार कोणाला देता येत नाही. ते माझ्याबरोबर बंद होईल.

४. सन २०१९ मध्ये 'भीमाकाठ' या नावाने एक संपादक तिथे आला. माझ्या लेखांत शिरून वाक्ये आटोपशीर करू लागला. ती चांगली होत, हे अधिक झोंबे. दोन वर्षांत त्याची संपादने माझ्यापुढे गेली. मला एक गौरवचिन्ह होते, त्याला तीन मिळाली. मी रोज सकाळी चहाच्या आधी त्याच्या योगदानाची यादी उघडून बघत असे. पुढे सोलापुरात संपादकांची कार्यशाळा झाली, तेव्हा कळले की भीमाकाठ म्हणजे अक्कलकोटच्या निवृत्त ग्रंथपाल सुंदरम्मा बिराजदार. घरी बोलतात कानडी आणि मराठी लिहितात माझ्यापेक्षा चांगली! सगळे त्यांच्याभोवती जमले. मला त्यांचा फोटो काढायला सांगितले. मी काढला, मुद्दाम हलवून.

रंभाबाई म्हणते, "त्या बाईचं नाव दिसातनं किती येळा घेताय, मोजलंय का कदी?" मी मोजले नाही.

५. आता खरे सांगतो. खडकमाळच्या लेखात मी २०१६ साली एक वाक्य घातले : '१९७२ च्या दुष्काळात खणलेल्या खालच्या विहिरीची जागा मेंढपाळ गोजाबाई वाघमोडे यांनी दाखवली.' गोजाबाई माझी आई. गावातल्या पाटीवर तेव्हाच्या सरपंचाचे नाव आहे, तिचे कुठेच नाही. संदर्भ मी दिला नव्हता, कारण तो नव्हताच. पुढे एका साप्ताहिकाने माझाच लेख उचलून छापला, आणि मी तोच अंक त्या वाक्याला संदर्भ म्हणून लावला. आपलेच बोलणे दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेतले. तीन वर्षे कोणाला कळले नाही. सुंदरम्माबाईंना कळले. विहीर चोवीस फूट खोल आहे, लेखात मी चुकून बेचाळीस लिहिले होते, आणि साप्ताहिकातही बेचाळीसच होते.

चारचौघांत, चर्चापानावर, त्यांनी काही लिहिले नाही. फोन केला. "सर, तुमचं बरोबरच असंल की. पण तुमी सांगताय म्हणून कसं धरायचं?" त्यांनी साप्ताहिकाचा संदर्भ काढला आणि वाक्यापुढे 'संदर्भ हवा' अशी खूण लावली. मी खूण काढली, त्यांनी परत लावली. असे सात वेळा झाले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरे वाटले असते.

६. म्हणून हे मृत्युपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवावे आणि त्याचा दस्तक्रमांक त्या वाक्याला संदर्भ म्हणून जोडावा. विहिरीची जागा माझ्या आईने दाखवली, हे मी येथे नमूद करतो.

७. सह्यांआधी लिहिलेले : साक्षीदार म्हणून मी मुद्दाम सुंदरम्माबाईंनाच बोलावले. त्यांनी सही केलेल्या कागदावर दुसरे कोण शंका घेणार, असा माझा डाव. बाईंनी मसुदा दोनदा वाचला आणि कलम ६ च्या समासात पेन्सिलीने लिहिले, 'स्वतःचे मृत्युपत्र हा स्वतंत्र संदर्भ नव्हे.' मी उठून आत जाणार होतो. तेवढ्यात त्यांनी पिशवीतून एक वही काढली.

गेल्या महिन्यात त्या टेंभुर्णीला जाऊन आल्या होत्या, एकट्या, एस.टी.ने. तिथे नातीकडे केराबाई राहतात, माझ्या आईबरोबर मेंढरे राखणाऱ्या. त्यांचे बोलणे बाईंनी शब्दाला शब्द उतरवले होते : "व्हय, गोजाक्कानंच दावली की. उनाचं बी मेंढरं तितनं हलंनात. ती म्हनली, हितं खणा. सरपंच निस्ता उबा हुता." गावातल्या आणखी दोघांना विचारून बाईंनी लेख लिहिला, आणि एका इतिहासविषयक मासिकाने तो स्वीकारला आहे. छापून येईपर्यंत वाक्य काढून ठेवू, नंतर संदर्भासह घालू, असे त्या म्हणतात.

म्हणजे माझ्या आईचे नाव राहील, आणि त्याच्या खाली, संदर्भात, या बाईचे. कायमचे. केराबाई मलाही ठाऊक होत्या. टेंभुर्णी सोलापूरपासून दोन तासांवर आहे, आणि बारा वर्षांत मी तिथे गेलो नाही. माझा जळफळाट होतो आहे, तो मी लपवत नाही.

कलम ६ रद्द. ते वाक्य आज सकाळी मी स्वतः काढले आहे, इतिहासात दिसेल. परत घालायचा हक्क सुंदरम्मा बिराजदार यांचा. मी तेव्हा असलो तरी त्यांचाच.

ठिकाण : सोलापूर
दिनांक : ११ मार्च २०२५

लिहून ठेवणार : बापूसाहेब ज्ञानू वाघमोडे (सही)

साक्षीदार :
१. येडू मारुती गायकवाड, शेजारी (सही). शेवग्याचे मान्य नाही.
२. सुंदरम्मा बिराजदार, अक्कलकोट (सही). वरील सही माझ्यासमोर झाली, एवढ्याचीच साक्ष. सही करताना सर रडत होते, हेही मी स्वतः पाहिले.