सुनेच्या हातच्या वड्या

दवनीवाडा, बुधवार, १२ ऑगस्ट २००९

किळस आली आज. बाबांची, आणि माझीही.

आई गेल्यापासून घरात मीच रांधतो. बायको देवरीच्या शाळेत शिकवते, शनिवारी येते, रविवारी जाते. आठ महिन्यांत बाबांनी माझ्या भाजीला एकदाही बरं म्हटलं नाही. आज कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या केल्या, आईसारखाच चिंचेचा कोळ लावून. बाबांनी चार खाल्ल्या. तेवढ्यात शेजारचे काका आले, एक तोंडात टाकली.

"कोनं केल्या गा?"

"सुनेनं. करून ठेवून गेली," बाबा म्हणाले.

सून गेली रविवारी, आणि वड्यांतून वाफ निघून राहिली होती. काकांना काय ती वाफ दिसली नसेल?

आणि मी? झारा धरून स्वयंपाकघराच्या दारामागे उभा. भांडंही वाजू दिलं नाही.

काका गेल्यावर बाबांनी ताटातल्या उरलेल्या वडीवरच हात धुतला. "तुह्या मायसारख्या झाल्या. करत जाय. पन दार लावून."

इतक्या महिन्यांनी कौतुक, ते असं. थू.

तरी मघाशी त्यांना विचारलंच, उद्या काय करू. विचारण्याआधी दार मीच लावलं.