पाण्याचा अहवाल पोर्टलवर आहे

३ मार्च, सोमवार
वरून पत्र आलं. नगरपालिकेचं माहिती पोर्टल महिनाअखेर अंध नागरिकांनाही वापरता आलं पाहिजे. बाकीचे विभागप्रमुख घाबरले. मी नाही. संकल्प: आठ दिवसांत उरकणे.

५ मार्च
अक्षरं मोठी करायचं बटण बसवलं. कोपऱ्यात व्हीलचेअरचं चित्र. छान दिसतंय. बायको म्हणाली, ज्याला दिसतच नाही तो मोठ्या अक्षरांचं काय करणार? हिला टेक्निकल गोष्टी सांगण्यात अर्थ नाही.

१० मार्च, दुपार
टेस्टिंग. टेलिफोन ऑपरेटर बाईंना बोलावलं. जन्मापासून अंध, ऑफिसातले दोनशे नंबर तोंडपाठ. त्यांचा कॉम्प्युटर स्क्रीन वाचून दाखवतो. पाणी तपासणीचा अहवाल उघडला, तर तो नुसता 'इमेज, इमेज' करत बसला. बाई म्हणाल्या, साहेब, हा कागदाचा फोटो आहे, आकडे कुठायत? म्हटलं, फोटोत. साधा तक्ता टाइप करून द्या म्हणाल्या. तक्त्यावर सही-शिक्का कुठून आणू? निष्कर्ष: बाईंचं सॉफ्टवेअर जुनं आहे.

१४ मार्च
तोडगा सापडला. प्रत्येक फोटोमागे वर्णन लिहायची सोय असते म्हणे. चारशे बारा फोटोंना एका झटक्यात वर्णन दिलं: 'चित्र'. आता मशीन मराठीत बोलेल.
कालच आलेला पाण्याचा नवा अहवालही स्कॅन करून चढवला. मूळ कागद रद्दीत. पेपरलेस! वाचत बसलो नाही. वाचणं नागरिकांचं काम.

१९ मार्च
बाईंची पुन्हा कुरकुर. आता 'चित्र, चित्र' ऐकू येतं म्हणे. शिवाय त्यांच्या गल्लीत चार दिवस पाण्याला वास येतोय, तेवढा नवा अहवाल वाचून दाखवाल का? मी समजावलं: पोर्टलवर सगळं आहे. मीच वाचून दाखवलं तर तुम्ही स्वावलंबी कशा होणार? बाई वळून आपल्या टेबलाकडे गेल्या. पटलं असावं.

२४ मार्च
बाई रजेवर. त्यांना आणि त्यांच्या आईला जुलाब. फोन वाजून वाजून बंद पडतायत. नेमकं पोर्टलच्या तपासणीच्या आठवड्यात आजारी पडायचं म्हणजे बेजबाबदारपणाच.

२५ मार्च
आरोग्य खात्याच्या डॉक्टरीणबाई मुख्याधिकाऱ्यांना घेऊन थेट टेबलाशी. कुठल्या गल्ल्यांचं पाणी खराब निघालं? अभिमानाने पोर्टल उघडलं. अहवाल आडवा स्कॅन झालेला. तिघांनी माना वाकड्या केल्या. शिक्का नेमका आकड्यांवर. डॉक्टरीणबाईंनी मूळ कागद मागितला. मला खोकला आला.
शेवटी त्यांनीच प्रयोगशाळेला फोन लावला. अकरा गल्ल्या. बाईंची तिसरी. अहवाल येऊन बारा दिवस झाले होते, हे त्यांनी सगळ्यांसमोर दोनदा म्हटलं. एकदा पुरलं असतं.

२८ मार्च
बाई आल्या. चेहरा उतरलेला. मुख्याधिकाऱ्यांनी पोर्टलचं काम त्यांच्याकडे सोपवलं. बाईंनी प्रयोगशाळेकडून आकडे फोनवर घेतले आणि पाऊण तासात साधा तक्ता केला. मशीनने पहिल्या ओळीपासून खणखणीत वाचला: गल्ली, तारीख, पिण्यास अयोग्य. शिक्का नाही, काही नाही. लोक चालवून घेतात.
त्यांची आई अजून हॉस्पिटलात आहे. विचारणार होतो. राहून गेलं.

३१ मार्च
माझी टेलिफोनवर तात्पुरती नेमणूक. जनसंपर्काचा अनुभव मिळावा, हाच हेतू असणार. आज त्र्याऐंशी फोन. सगळ्यांचं एकच: आमच्या गल्लीचं पाणी प्यायचं का?
मी म्हणतो, होल्ड करा, बाईंना विचारतो.