‘डॉग’चा मूळपुरुष

लीड्स, सोमवार, २ जून
१. शब्दकोशातली ‘डॉग’ ही नोंद माझ्याकडे आली.
२. तिच्यात फक्त ‘मूळ अज्ञात’ एवढंच आहे.
३. शुक्रवारी, वीस तारखेला, ती संपादक ऑड्रीबाईंपुढे ठेवायची. त्यावर माझी नोकरी कायम होणार की संपणार, ते ठरेल.
कुत्र्यासाठीचाच दुसरा शब्द ‘हाऊंड’, त्याचं गोत्र पार लॅटिनपर्यंत जुळतं. ‘डॉग’ मात्र जुन्या इंग्रजीच्या दारात एकटाच उभा. भाषापंडितांना इतकी वर्षं जमलं नाही. मी संगणकवाली. दोन आठवडे पुरेत.

४ जून
शेजारच्या टेबलावर ग्विलिम. एकतीस वर्षं इथेच, साधन पेन्सिल. म्हणाला, पोरी, या कुत्र्यामागे मीही धावलोय, दम लागतो, कुत्रा मिळत नाही. मी मोजकं हसले. शब्दांच्या मुळांवरच्या त्याच्या जुन्या चिठ्ठ्या मात्र, पूर्वज शोधणाऱ्या माझ्या प्रोग्रामला भरवल्या.

१० जून
चिठ्ठ्यांत शब्दांपुढे जागोजागी तारे. कचरा असावा. ग्विलिमला विचारता आलं असतं, पण तो चहाबरोबर व्याख्यानही देतो. संगणकातल्या प्रतीतून सगळे पुसले. एकूण ४,२१२.

१३ जून
सापडला! ‘डॉग’चा इंग्रजीआधीचा, जर्मॅनिक पूर्वज. खात्री ९७.३ टक्के. ग्विलिमने विचारलं, लिहिलेला कुठे पाहिलास? मत्सर ओळखता येतो मला.

२० जून
ऑड्रीबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. तारे कुठे गेले गं?
साफ केले, म्हटलं.
खोलीत कुणी बिस्किटसुद्धा चावेना. मग बाईंनी सावकाश सांगितलं: शब्दापुढे तारा म्हणजे तो कुठेच लिहिलेला सापडलेला नाही, आपण अंदाजाने रचलाय.
माझ्या पूर्वजाची मूळ चिठ्ठी मागवली. अक्षर ग्विलिमचं. शब्दापुढे ठसठशीत तारा. खाली: ‘किटली उकळेपर्यंत केलेला अंदाज. टाकून द्यावा.’
ग्विलिम म्हणाला, सत्त्याण्णव पॉइंट तीन? मला तर तेव्हा दहा टक्केही खात्री नव्हती! पोरी, तुझ्या यंत्राचा माझ्यावर भारीच जीव.
सगळे हसले. नोकरीचं नंतर कळवते, असं बाई म्हणाल्या. बैठक एकंदरीत बरी झाली.

२३ जून
ऑड्रीबाईंना पाठवायचा मजकूर, कच्चा:
‘डॉग’: मूळ अज्ञात. पुसलेले तारे मूळ चिठ्ठ्या पाहून हाताने परत लावत आहे. आज ३८ झाले. ग्विलिम चिठ्ठ्या वाचून दाखवतात, चहाही तेच करतात. माझी नोकरी राहणार की नाही, ते कृपया सोमवार, ३० जूनपर्यंत कळवावं.